एकेचाळीस वेळा उठलेली मुलगी

मूल जागेवरून उठलं की त्याच्या कार्डावर एक काडी. चार काड्या उभ्या आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, म्हणजे मोजायला सोपं. आठवडा संपला की काड्यांची बेरीज करायची आणि मूल तपासणीला पाठवायचं असलं तर ती फॉर्मवरच्या चौकोनात लिहायची. त्या चौकोनावर एकच शब्द छापलेला होता: एकूण.

बालवर्गाच्या बाईंनी सव्वीस वर्षं हे काम केलं. त्यांच्या काड्या इतक्या सरळ असत की दुसऱ्या तुकडीच्या धाकट्या बाई म्हणत, ‘तुमची मुलं वाकडी निघतील, काड्या नाही निघणार.’ काडीशेजारी वेळ लिहायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती. फॉर्म वेळ विचारत नसे. पण हातात घड्याळ आहे आणि समोर घटना आहे, तर वेळ न लिहिणं त्यांना अर्धवट काम वाटे. दहा दहा, दहा तेरा, अकराला एक कमी. त्या लिहीत आणि पुन्हा कधी वाचत नसत.

शाळेत त्यांना पाठीमागे फौजदार म्हणत. हे त्यांना माहीत होतं. ‘फौजदार कशी? फौजदाराचं लोक ऐकतात,’ त्या म्हणत. त्यांचा राग कामाचा होता. उघडी राहिलेली गोंदाची बाटली, लेकराच्या डब्यात गार पडलेला कालचा उरलेला घास, रडणाऱ्या पोराला दारातून ढकलून पळणारा बाप, अशा गोष्टींवर तो निघे आणि संपे. स्वतःवर रागवायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. कारण त्यांचा एक दावा होता, आणि शाळेत तो सगळ्यांनी मान्य केला होता: कोणतंही मूल मी तीन दिवसांत ओळखते.

त्या वर्षी वर्गात दोन मुली आल्या. दोघी पाच वर्षांच्या, दोघी जागेवर न बसणाऱ्या. एकीचं नाव बाईंनी पहिल्याच दिवशी खार ठेवलं. दुसरीचं तिसऱ्या दिवशी भिंगरी. मुलांना टोपणनावं ठेवणं हा बाईंचा लाड होता. पण नाव ठेवलं की त्या नावाचंच मूल दिसायला लागतं, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही.

महिनाभराने, त्या आठवड्याच्या काड्या मोजून, दोघींचे फॉर्म भरले. खारीच्या चौकोनात चव्वेचाळीस. भिंगरीच्या चौकोनात एकेचाळीस. शेऱ्याच्या ओळीत बाईंनी दोन्हीकडे तेच लिहिलं: ‘अतिचंचल. एका जागी बसत नाही. सूचना पाळत नाही. एडीएचडीसाठी तपासणी व्हावी.’ खाली सही, सहीवर शाळेचा शिक्का.

भिंगरीची आई कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर टाकायचा, शिलाई, काज, कॉलर बघायची, चूक असेल तिथे लाल चिकटपट्टी लावायची आणि पुढचा घ्यायचा. दिवसाला चारशे शर्ट. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती पोरीला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी दारात बाईंना सांगायला थांबली.

‘काय म्हणाले?’ बाईंनी विचारलं.

‘बारा मिनिटांत काय म्हणणार? ही खोलीभर पळत होती. वर ट्यूबलाइट कुरकुरत होती, हिने कानांवर हात धरले. डॉक्टर म्हणाले, बघा, ऐकायलाच तयार नाही. मग त्यांनी नाव विचारलं तर हिने त्यांच्या बेसिनचा नळ कुठल्या जातीचा आहे ते सांगितलं.’

‘नळ?’

‘हिला नळ आवडतात. अर्ध्या फेऱ्याचे, पूर्ण फेऱ्याचे, दाबायचे. मी विचारलं, डॉक्टर, हे ऑटिझम वगैरे तर नाही ना? माझ्या मावसबहिणीच्या मुलाला आहे. ते हसले. म्हणाले, अहो, एवढी बोलते, माझ्याकडे बघते, ऑटिझम कसला? तुमच्या बाईंनीच तर लिहिलंय सगळं. आणि एडीएचडी लिहून दिलं.’

‘मग बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी आपल्या फॉर्मचा मान ठेवला होता.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर चार गोष्टी होत्या. मुलीला पहिल्या रांगेत दाराजवळ बसवा. दर दहा मिनिटांनी काम बदला. मध्येच उठवून निरोप द्यायला पाठवा, म्हणजे हालचाल होईल. चांगलं वागली की लगेच चांदणीचं चित्र चिकटवा. वाईट सल्ला नव्हता. हाच कागद खारीलाही मिळाला होता, आणि खारीवर तो औषधासारखा लागू पडला. खार दहा मिनिटं चित्र काढायची, मग ठोकळे, मग धाकट्या बाईंच्या वर्गात खडू पोचवायला धावत जायची आणि वाटेत निम्मे खडू सांडून परत यायची. ‘विसरले, बाई!’ म्हणून स्वतःच कपाळावर हात मारायची. बाईंच्या भुवया वर गेल्या की लांबूनच ओळखायची. ‘चिडलात? थोड्याच ना?’ वर्गाला तिचा त्रास होता, कारण तिला स्वतःची पाळी येईपर्यंत थांबता येत नसे. पण तिच्याशिवाय खेळ रंगतही नसे.

भिंगरीवर त्याच चार गोष्टी आल्या आणि मुलगी दिवसेंदिवस मोडत गेली.

ती खडूंची रांग लावत असायची, फिक्यापासून गडदपर्यंत, चोवीस खडू. सतराव्या खडूवर दहा मिनिटं व्हायची. बाई म्हणायच्या, ‘चला, आता ठोकळे.’ ती किंचाळायची. मध्येच निरोप घेऊन पाठवलं की दारात थिजून उभी राहायची. चांदणीचं चित्र हातावर चिकटवलं की कातडी निघेपर्यंत खरवडून काढायची. पहिल्या दोन महिन्यांत ती नळांवर का होईना, सतत बोलायची. तिसऱ्या महिन्यात बोलणं कमी झालं. चौथ्यात फक्त ‘नको’ उरलं. काड्या एकेचाळीसवरून सत्तरवर गेल्या. बाईंनी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘वाढतंय म्हणजे तीव्र स्वरूपाचं आहे. तेच चालू ठेवा, जास्त नेटाने.’ बाईंनी जास्त नेटाने चालू ठेवलं. नेटाने काम करणं त्यांना चांगलं जमत असे.

आठव्या महिन्यात एके दिवशी पाऊण तास संपल्याची घंटा वाजताना भिंगरी जागेवरून पळाली. बाईंनी तिला दंडाला धरून खाली बसवलं, आणि तिने बाईंच्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. मोठ्या मॅडमनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेने, आईला पत्र पाठवलं. शुक्रवारी बैठक. विषय: विद्यार्थिनीसाठी योग्य शाळेचा शोध. म्हणजे दाखला हातात द्यायचा, पण हसून.

पत्र मिळालं त्या सोमवारी आई कारखान्याच्या निळ्या कोटातच आली. मुलं नुकतीच गेली होती. बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होत्या. मनगटाला पट्टी होती.

‘बघू,’ आई म्हणाली, आणि पट्टीकडे बघितलं. ‘दुखतंय?’

‘नाही.’

‘मग बरं. नाहीतर मला आधी माफी मागावी लागली असती.’ ती उभीच राहिली. ‘आठ महिन्यांपूर्वी माझी पोरगी घरी आली की मला शाळेतल्या सगळ्या नळांची खबर सांगायची. आता पलंगाखाली जाऊन झोपते. तुम्ही काय केलंत हो तिचं?’

‘जे डॉक्टरांनी सांगितलं ते केलं.’

‘डॉक्टरांनी तुमच्या कागदावरून सांगितलं. बारा मिनिटांत त्यांनी दुसरं काय बघितलं? तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवता, ते तुमच्याकडे. मी मधे उभी.’

‘हे बघा, माझ्या वर्गात तीस मुलं आहेत—’

‘माझ्या टेबलावर चारशे शर्ट असतात!’ आईचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘दोन शर्टांच्या बाहीला सारखीच चुणी असते. एकाची शिलाई ओढलेली असते, दुसऱ्याचं कापडच तिरकं कापलेलं असतं. वरून दोन्ही सारखे. आम्ही आतून उलटा करून बघतो. नाही बघितलं, आणि शिलाई उसवून पुन्हा घातली, तर तिरक्या कापडाचा शर्ट फाटतो. मला कुणी शिकवलं नाही हे, मी सातवी शिकलेय. तुम्ही नुसत्या चुण्या मोजल्यात. एकेचाळीस!’

ती गेली. बाईंच्या हातातली खुर्ची तशीच हवेत होती. चोराच्या उलट्या बोंबा, असं त्यांच्या मनात आलं. चावली कोण आणि ऐकून घ्यायचं कुणी? मग त्यांनी कपाट उघडून भिंगरीची आठ महिन्यांची कार्डं काढली आणि खारीचीही. या बाईला दाखवूनच देते, असं म्हणून त्यांनी ती पिशवीत कोंबली.

घरी बाई आणि त्यांची वहिनी अशा दोघीच राहत. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती. वहिनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, नणंदेपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आणि तिला चिडवायचं असलं की जुन्या पद्धतीने ‘वन्सं’ म्हणायच्या. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या.

‘आज कुणाला खाल्लंत, वन्सं?’

‘मलाच खाल्लं. आधी पोरीने, मग आईने. हे वाचा. मी लिहून घेते. किती वेळा उठली ते आठवड्याआठवड्याने मांडून शुक्रवारी तिच्यासमोर ठेवते.’

वहिनींनी चष्मा नाकावर घेतला आणि पहिलं कार्ड वाचायला सुरुवात केली. ते खारीचं होतं. ‘नऊ चाळीस. नऊ बेचाळीस. दहा पाच. दहा सव्वीस. दहा सत्तावीस. अकरा चाळीस...’ शेंगा सोलताना दाणे उडावेत तसे आकडे कुठेही पडत होते. मग त्यांनी भिंगरीचं कार्ड घेतलं. फोनच्या ऑपरेटरच्या जुन्या आवाजात त्या वाचू लागल्या. ‘दहा दहा. दहा तेरा. दहा अठ्ठावन्न. अकराला एक कमी. अकरा एकेचाळीस. अकरा चव्वेचाळीस. बारा सव्वीस. बारा एकोणतीस. मंगळवार. दहा अकरा. दहा चौदा. दहा सत्तावन्न...’ त्या थांबल्या.

‘वाचा की.’

‘अहो, ही मुलगी चंचल कसली? हिच्यावर लोकांनी घड्याळ लावून घ्यावं.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘काय म्हणालात?’

‘रोज त्याच वेळा. ही ड्युटीवर असल्यासारखी उठते. तुमच्या शाळेत सव्वादहाला काय असतं?’

सव्वादहाला घंटा असायची. सव्वादहा, अकरा, पावणेबारा, साडेबारा. विजेची घंटा. बालवर्गाच्या दाराच्या बरोबर वर बसवलेली, लोखंडी वाटीवर हातोडी बडवणारी. मोठी माणसंसुद्धा तिने दचकत. बाईंनी कार्ड ओढून घेतलं. एकेचाळीस काड्यांपैकी सदतीस घंटेच्या आधीच्या पाच मिनिटांतल्या होत्या. एकूणच्या चौकोनात यातलं काहीच गेलं नव्हतं. सगळे घोडे बारा टक्के करून त्यांनी बेरीज पाठवली होती.

मग त्यांना डॉक्टरांचा तो कागद आठवला. पहिल्या रांगेत, दाराजवळ. आठ महिने त्यांनी त्या मुलीला घंटेच्या बरोबर खाली बसवलं होतं. दंड धरून बसवलं होतं.

‘वन्सं, काय झालं?’

‘मला वन्सं म्हणू नका!’ बाई ओरडल्या, आणि टेबलावरचं मटारांचं भांडं कलंडलं. दाणे फरशीवर सगळीकडे घरंगळले. दोघीही ते गोळा करायला उठल्या नाहीत. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि या वेळी तिला बाहेर पडायला समोर कुणी नव्हतं. गोंदाची बाटली उघडी नव्हती. कुठला बाप पळून गेला नव्हता. अक्षर त्यांचं होतं, काड्या त्यांच्या होत्या, सरळ, एकसारख्या.

वहिनी म्हणाल्या, ‘लिहिलं तर तुम्हीच होतंत की.’

‘तेच तर. लिहिलं आणि वाचलं नाही. गाढवाच्या पाठीवर पुस्तकं.’

दुसऱ्या दिवशी बाईंनी सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. भिंगरी दहा अकराला उठली तेव्हा तिला परत आणलं नाही. वर्ग धाकट्या बाईंवर सोपवून त्या तिच्या मागे गेल्या. भिंगरी धावत होती, पण इकडेतिकडे बघत नव्हती. पहिल्या खांबाला हात, दुसऱ्या खांबाला हात, पाण्याच्या टाकीला वळसा, आणि कोठीची खोली. तिथे व्यायामाच्या गाद्यांची थप्पी होती. दोन गाद्यांच्या मधे ती सरकली आणि कान दाबून बसली. लांब घंटा वाजली. ती संपल्यावर मुलगी मनात काहीतरी मोजत राहिली, आणि मग स्वतःहून बाहेर आली. टाकी, दुसरा खांब, पहिला खांब. बाईंच्या बाजूने गेली, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. खारीने बघितलं असतं. खारीने विचारलं असतं, ‘बाई, रडताय?’

खारही पळायची. पण ती कशाकडे तरी पळायची: नवे बूट, पालीची शेपटी, शेजारच्या वर्गातलं हसू. ही कशापासून तरी पळत होती. बाहेरून दोन्ही पळणं एक काडीच होती.

बुधवारी बाईंनी शिपायाला सांगितलं, ‘आज अकराची आणि पावणेबाराची घंटा वाजवू नकोस.’

‘मॅडमनी सांगितलंय?’

‘मी सांगतेय.’

‘मग मॅडमपेक्षा जास्तच झालं,’ असं म्हणून त्याने बटणाजवळची खुर्ची सोडली. घंटा वाजणार नव्हती, तरी भिंगरी दहा अठ्ठावन्नला उठलीच. तिला कुणी सांगितलं होतं वाजणार नाही म्हणून? पावणेबाराच्या आधी बाई तिच्याजवळ खाली बसल्या, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि म्हणाल्या, ‘मोठा काटा नवावर येईल. घंटा होणार नाही. आज नाही.’ मुलगी काट्याकडे बघत राहिली. काटा नवावर आला आणि पुढे गेला. ती उठली नाही. चोविसावा खडू तिने रांगेत लावला आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलली. ‘टाकीचा नळ अर्ध्या फेऱ्याचा आहे आणि तो गळतो.’

बाई तडक मोठ्या मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कार्डं बघितली. मग म्हणाल्या, ‘बाई, फॉर्म गेलेला आहे. त्यावर आपला शिक्का आहे. आता आपणच म्हणायचं, आम्ही चुकलो? उद्या प्रत्येक पालक येईल. आमचाही परत बघा म्हणेल.’

‘येऊ देत. बघू परत.’

‘आणि तुम्ही डॉक्टर आहात का? काल चंचल म्हणालात, आज दुसरं काही म्हणाल.’

‘मी डॉक्टर नाही, म्हणूनच म्हणतेय. मला रोग ठरवायचा नाही. मी जे बघितलं ते अर्धं लिहिलं, एवढंच मला लिहायचं आहे. पुढचं ज्याला कळतं तो ठरवेल, आणि बारा मिनिटांत नाही.’

‘बाई,’ मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, ‘असे किती फॉर्म भरलेत तुम्ही सव्वीस वर्षांत?’

धमकी होती की नुसताच प्रश्न, कळलं नाही. पण बाईंना तो लागला. दरवर्षी दोन, कधी तीन. ती सगळी मुलं आता कुठे कुठे असतील. कुणी मोठं होऊन दुकानात उभं असेल, कुणी पलंगाखाली. त्यांतल्या कुणाचं कापड तिरकं होतं? कार्डं दर वर्षाअखेरीला रद्दीत जायची.

‘मोजलेले नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘मला नुसतं मोजायची सवय आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर हे मी मोजलेलं नाही.’

शुक्रवारच्या बैठकीत तिघी होत्या. मॅडमनी गोड आवाजात सुरुवात केली. मुलीचं हित, तिच्या गरजा, आपल्या शाळेच्या मर्यादा. आई कोटाच्या खिशात हात घालून बसली होती. बाईंनी मधेच एक कागद टेबलावर ठेवला आणि वाचायला लागल्या, कारण नुसता दिला असता तर मॅडमनी तो फाइलमध्ये घातला असता.

‘पहिल्या फॉर्मवरचा माझा शेरा अपुरा आणि दिशाभूल करणारा होता. मुलगी एकेचाळीस वेळा उठली, पैकी सदतीस वेळा घंटेच्या आधी. ती नेहमी एकाच वाटेने एकाच जागी जाते. आवाज थांबल्यावर स्वतःहून परत येते. ठरलेल्या कामात ती चाळीस मिनिटं बसते. काम मधेच बदललं तर तिला त्रास होतो. ती पुष्कळ बोलते, पण समोरच्याला ऐकायचं आहे की नाही हे बघत नाही. मला चावली तेव्हा घंटा चालू होती आणि मी तिला धरून ठेवलं होतं. ही माझी चूक आहे, तिची नाही. पूर्ण तपासणी व्हावी आणि तोवर तिला शाळेतून काढू नये.’ खाली सही होती. शिक्का नव्हता.

‘शिक्क्याशिवाय याला काही अर्थ नाही,’ मॅडम म्हणाल्या.

‘ती गेली तर मीही जाते. मग माझ्या सहीलाही अर्थ उरणार नाही, बालवर्गालाही नाही. जूनमध्ये तीस आया दारात उभ्या राहतील, त्यांना तुम्ही सांभाळा.’

मॅडमनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि तो कागदावर इतक्या जोरात आपटला की आई दचकली.

आईने कागद उचलला, सावकाश वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि घडी घातली. बाई थांबल्या होत्या. कशासाठी, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

‘हे आठ महिन्यांपूर्वी लिहायला किती वेळ लागला असता?’ आईने विचारलं.

‘एक संध्याकाळ.’

‘एक संध्याकाळ,’ आई म्हणाली, आणि उठून गेली.

मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीचा वेगळा विभाग होता. तिथे तीन बैठका झाल्या, प्रत्येक दीड-दोन तासांची. बाईंनी रजा टाकून कार्डं घेऊन जायचं ठरवलं. आईने ‘या’ म्हटलं नाही, ‘येऊ नका’ही म्हटलं नाही. तिथली तज्ज्ञ तरुण होती आणि टेबलामागे न बसता जमिनीवर बसली. तिने खोलीतली ट्यूबलाइट आधी बंद केली. ते बघूनच बाईंना त्या पहिल्या डॉक्टरांचा गळा धरावासा वाटला.

‘दोन वर्षांची असताना काही हवं असलं तर कसं सांगायची?’ तिने आईला विचारलं. ‘बोट दाखवायची?’

आईने आठवून बघितलं. ‘नाही. माझा हात धरून न्यायची आणि नळावर ठेवायची. हात म्हणजे जशी पक्कड.’

‘आकाशात विमान दिसलं, कुत्रं दिसलं, तर तुम्हाला दाखवायची? नुसतं, बघ म्हणून?’

आईने नकारार्थी मान हलवली. ‘कुणी हे विचारलंच नाही मला,’ ती म्हणाली.

शेवटच्या बैठकीत तज्ज्ञ म्हणाली, ‘हा ऑटिझम आहे. स्वमग्नता. बोलते, हुशार आहे, म्हणून तो नाही असं होत नाही. मुलींच्या बाबतीत तर लोक हमखास फसतात. लक्ष भरकटण्याचं सात वर्षांची झाली की परत बघू. काही मुलांना दोन्ही असतं.’

‘दोन्ही?’ बाई उसळल्या. ‘म्हणजे मी तेव्हा लिहिलं होतं तेही बरोबर असू शकेल?’

‘असू शकेल. पण तेव्हा ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ते बघितलंही नव्हतं.’

पोरसवदा डॉक्टरने तोंडावर असं बोलावं, याचा बाईंना राग आला. ती बरोबर बोलली होती, याचा त्याहून जास्त.

‘आणि नुसत्या वेळांवरून काही ठरत नाही,’ तज्ज्ञ पुढे म्हणाली. ‘पण या कार्डांमुळे कुठे बघायचं ते कळलं. असं लिहून कुणी आणत नाही.’ बाईंना हे कौतुक गिळता आलं नाही, थुंकताही आलं नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘शाळा बदलणार नाही. तिला खांब माहीत आहेत, टाकी माहीत आहे. पण तुमच्या वर्गात ठेवणार नाही. धाकट्या बाईंकडे द्या.’

‘त्यांचा वर्ग मागे आहे. घंटा तिथे मंद येते. बरं होईल.’

‘घंटेमुळे नाही म्हणत मी.’

‘माहीत आहे,’ बाई म्हणाल्या.

त्यानंतरचा आठवडा बाईंनी धाकट्या बाईंचं डोकं खाल्लं. काम बदलायच्या आधी दोनदा सांगायचं. अचानक काही नाही. चांदण्या नाहीत. खडू चोवीस, एक तुटला तर अख्खी पेटी नवी. कान दाबले तर हात ओढायचे नाहीत. ‘आणि भिंगरी म्हणू नकोस. तिला नाव आहे.’ धाकट्या बाई म्हणाल्या, ‘अहो, मी लिहून घेऊ का?’ ‘लिही. आणि वाच!’ बाई ओरडल्या.

मुलीला वर्ग बदलणार हे चार दिवस आधीपासून सांगितलं. बाईंनी वाटेची चित्रं काढली: दार, खांब, खांब, टाकी, निळं दार. रोज सकाळी दोघी चित्रं बघत. पाचव्या दिवशी मुलगी पाठीला दप्तर लावून उठली. आई त्या दिवशी उशिरा कामावर जाणार होती, ती फाटकाशी उभी होती. बाई दारापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या.

मुलगी चालत गेली. पहिल्या खांबाला हात, दुसऱ्या खांबाला हात. टाकीपाशी थांबून तिने गळणारा नळ अर्धा फेरा घट्ट केला. निळं दार उघडलं, धाकट्या बाई खाली बसून काहीतरी म्हणाल्या, आणि ती आत गेली. तिने मागे वळून बघितलं नाही.

‘ती बघत नसते मागे,’ आई फाटकातून म्हणाली. आवाजात चीडही नव्हती आणि गोडवाही नव्हता. ‘माझ्याकडेसुद्धा नाही.’

‘हो.’

‘मग कशाला उभ्या आहात?’

मागे बाईंच्या वर्गात कुणीतरी रंगांची पेटी उपडी केली होती. खार ओरडत होती, ‘मी नाही, मी नाही, बरं, मीच, पण मुद्दाम नाही!’ आई बससाठी निघून गेली होती. बाई आत गेल्या.